टपालाचे वर्ग आणि वाङ्मयाचे वाचक

कोणत्याही वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण लेखक, ग्रंथ, नियतकालिके, वाङ्मयीन चळवळी आणि क्वचित मुद्रणालये यांचा विचार करतो. छापलेला मजकूर वाचकाच्या दारापर्यंत कसा पोचला आणि तो पोचविण्यास किती पैसे पडले, याचा विचार सहसा होत नाही. वास्तविक जुन्या मराठी ग्रंथांच्या व मासिकांच्या जाहिराती पाहिल्या, तर किमतीच्या आकड्याशेजारी ‘ट. ह. निराळे’ किंवा ‘ट. ख. सह’ ही अक्षरे नित्य आढळतात. टपालहशील हा ग्रंथाच्या किमतीचाच एक भाग होता आणि दूरच्या वाचकाच्या दृष्टीने तो पुष्कळदा निर्णायक भाग होता.

हे हशील ठरे कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वाहतूक करणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली सेवा वर्गवार लावावी लागते. सर्वांसाठी एकच सेवा व एकच दर ठेवला, तर कोणाला नको असलेल्या वेगाचे पैसे द्यावे लागतात, तर कोणाला हवी असलेली हमी मिळत नाही. म्हणून ग्राहकांचे गट ओळखून त्यांच्या गरजांप्रमाणे सेवांचे वर्ग पाडणे, हे या व्यवसायाचे मूलतत्त्व आहे. भारतीय टपालखात्याचे वर्गीकरण हे त्याचे आपल्याकडील सर्वांत जुने व सर्वांत व्यापक उदाहरण होय. भारतीय भाषांच्या वाङ्मयाशी त्याचा संबंध इतका निकटचा आहे की, या वर्गांतील फेरबदल हे वाचकवर्गातील फेरबदल ठरतात.

१

प्रथम वर्गीकरणाची तत्त्वे पाहू. वाहतुकीच्या सेवेचे वर्ग साधारणतः पाच प्रश्नांच्या उत्तरांवरून पडतात. वस्तू काय आहे? ती किती दूर जावयाची? किती लवकर पोचावयास हवी? ती पोचल्याची वा गहाळ झाल्यास भरपाईची हमी किती हवी? आणि पैसे कोणी व केव्हा द्यावयाचे? या पाचांच्या जोडीला सहावा प्रश्न असतो, पण तो बहुधा उघडपणे विचारला जात नाही: पाठविणारा कोण आहे?

इ. स. १८५४ च्या सुधारणेने यांपैकी दुसरा प्रश्न पत्रांपुरता निकालात काढला. अंतर कितीही असो, पाव तोळा वजनाच्या पत्रास अर्धा आणा, हे तत्त्व त्या वर्षी सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाले. त्यापूर्वी अंतराप्रमाणे हशील वाढत असे. लगतच्या गावी आणि हजार मैलांवर सारख्याच दराने पत्र नेणे, हे हिशेबाच्या दृष्टीने विचित्र वाटेल. परंतु त्यामागील युक्तिवाद भक्कम होता. टपालाच्या खर्चाचा मोठा भाग पत्र गोळा करणे, निवडणे आणि त्याचा बटवडा करणे यांत जातो. प्रत्यक्ष वाहतुकीत त्या मानाने थोडा जातो. त्यामुळे अंतराचा हिशेब ठेवण्यापेक्षा तो सोडून देणे अधिक सोयीचे होते.

त्यानंतरच्या पाव शतकात उरलेल्या प्रश्नांची उत्तरे एकेक करून मिळत गेली. मूल्यदेय टपाल, म्हणजे आपल्या परिचयाची व्ही. पी., १८७७ मध्ये सुरू झाली. १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड आले. १८८० मध्ये मनिऑर्डरीचे काम टपालखात्याकडे आले. यांतील प्रत्येक सेवेमागे ग्राहकांचा एक निराळा गट उभा आहे. ज्याला दोन ओळींपलीकडे लिहावयाचे नाही आणि ज्याच्यापाशी अर्धा आणा नाही, त्याच्यासाठी कार्ड; घरापासून दूर राबणाऱ्या व गावी पैसे धाडणाऱ्यासाठी मनिऑर्डर; आणि न पाहिलेल्या दुकानदाराकडून माल मागविणाऱ्यासाठी व्ही. पी.

२

ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने यांतील व्ही. पी. चे महत्त्व विशेष आहे. पुण्यामुंबईच्या प्रकाशकास इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या वाचकाची पत ठाऊक नसे आणि वाचकासही प्रकाशकाचा भरवसा नसे. दोन अपरिचितांमधील हा अविश्वास टपालखात्याने मध्यस्थ होऊन दूर केला. ग्रंथ पोस्टमनच्या हाती, पैसे वाचकाच्या हाती; दोहोंची अदलाबदल दारात होई आणि पैसे मनिऑर्डरीने प्रकाशकाकडे परत जात. जेथे मराठी पुस्तकांचे एकही दुकान नव्हते, अशा गावी मराठी ग्रंथ जाऊ शकला तो या सोयीमुळे. अर्थात हिची एक वाईट बाजूही होती. वाचकाने व्ही. पी. नाकारली तर जाण्याचा खर्च प्रकाशकाच्या अंगावर पडे. ‘व्ही. पी. परत करू नये’ अशी विनंती जुन्या मासिकांतून दिसते, तिचे कारण हे आहे. आज संगणकाच्या किंवा दूरध्वनीच्या पडद्यावरून माल मागविणारे ‘माल हाती आल्यावर पैसे’ या अटीला नवी समजतात; तिचे मूळ शतकाहून अधिक जुने आहे, आणि परत आलेल्या मालाचे दुखणेही तितकेच जुने आहे.

दुसरी महत्त्वाची सेवा बुकपोस्टाची. येथे वर्गीकरण वस्तूच्या स्वरूपावरून होते. छापील मजकूर पत्राहून कमी दराने जाईल, मात्र त्याचे वेष्टन दोन्ही बाजूंनी उघडे अथवा सहज उघडून पाहता येईल असे असावे आणि आत खाजगी पत्राच्या स्वरूपाचे काही नसावे, अशी अट होती. सवलतीमागील विचार असा की, पत्र हा दोन व्यक्तींमधील व्यवहार आहे, तर छापील मजकूर अनेकांसाठी असतो. त्याच्या प्रसारात समाजाचे हित आहे आणि त्याला पत्राइतकी घाईही नसते. बुकपोस्टाच्या पुडक्यात एखाद्या लेखकाने स्नेह्यासाठी चार ओळींची चिठ्ठी घातली, तर ते पुडके पत्र ठरे, आणि कमी पडलेल्या हशिलाची दुप्पट रक्कम ‘नॉटपेड’ म्हणून बिचाऱ्या स्नेह्याकडून वसूल होई.

या नियमाचा एक गुण सहज ध्यानात येत नाही. खिडकीवरील कारकुनाला आतील मजकूर चांगला की वाईट, वाङ्मयीन की बाजारी, हे ठरवावे लागत नसे. मजकूर छापील आहे काय आणि त्यात चिठ्ठी आहे काय, एवढेच पाहावयाचे. कसोटी पूर्णपणे बाह्य होती. ज्ञानेश्वरीची प्रत आणि बियाण्यांच्या दुकानाची यादी एकाच वर्गातून जात. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही समानता कदाचित खटकेल. पण वर्गीकरणाच्या दृष्टीने तिच्यातच शहाणपण होते.

३

तिसरा वर्ग नोंदलेल्या वृत्तपत्रांचा. १८९८ च्या टपाल कायद्यातील नवव्या कलमात त्याची व्याख्या होती. प्रकाशन एकतीस दिवसांपेक्षा अधिक अंतराने निघता कामा नये. त्याला खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी असली पाहिजे. आणि त्यातील मजकूर सर्वस्वी वा बव्हंशी राजकीय अथवा अन्य बातम्यांचा किंवा त्यांसंबंधीच्या वा इतर चालू विषयांवरील लेखांचा असला पाहिजे. या अटी पुऱ्या करणाऱ्यास अत्यंत अल्प हशिलात अंक पाठविता येत. कित्येक वर्षे ५० ग्रॅमपर्यंतच्या अंकास २५ पैसे एवढाच दर होता.

‘एकतीस दिवस’ या दोन शब्दांचा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाशी असलेला संबंध तपासण्याजोगा आहे. मासिक हे या व्याख्येत बसते. द्वैमासिक व त्रैमासिक बसत नाही. संशोधनपर त्रैमासिकांना म्हणूनच बुकपोस्टाचा आश्रय घ्यावा लागला. पण खरी मौज पुढे आहे. १९५५ च्या सुमारास ‘शब्द’ आणि १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ यांच्यापासून मराठीत जी लघुनियतकालिकांची चळवळ उभी राहिली, तिने आपल्या अंकांना ‘अनियतकालिक’ हे नाव अभिमानाने मिरविले. प्रस्थापित मासिकांच्या नियमितपणाला आणि त्यामागील अभिरुचीला दिलेला तो नकार होता. टपालाच्या परिभाषेत मात्र त्या शब्दाचा अर्थ निराळा होतो. ज्याला नियत काल नाही आणि वर्गणीदारांची यादी नाही, ते प्रकाशन कायद्याने वृत्तपत्रांच्या सवलतीबाहेर पडते. जे मासिक या तरुण लेखकांना नकोसे झाले होते, ते पैशांत जाई. त्यांचा सहा पानांचा अंक मात्र त्याहून महागड्या वर्गातून जावयाचा. हे अंक हातोहात वाटले जात, मित्रांच्या पिशव्यांतून गावोगाव जात, असे आपण वाचतो. त्यात बंडखोरीचा भाग होता हे खरे. पण त्या बंडखोरीला टपालाच्या वर्गवारीत जागा नव्हती, हीही त्या चित्राची एक बाजू आहे. वर्ग आखताना कोणाचाही द्वेष करावा लागत नाही; ज्याचा विचार झाला नाही तो आपोआप बाहेर राहतो.

उलट अंगाने पाहिले, तर नियमित मासिक हा वाङ्मयप्रकार टिकण्यास याच वर्गाने हातभार लावला. मासिक व दिवाळी अंक यांचे नाते मराठीत काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये जोडले. वर्षभर वर्गणी भरणाऱ्या वाचकास मासिके घरपोच देणे परवडावे, यासाठी जे गणित जमावे लागते, त्यात टपालहशिलाचा आकडा कागदाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा होता.

४

पाठविणारा कोण, या सहाव्या प्रश्नाची उत्तरेही टपालखात्याने वेळोवेळी दिली आहेत. अंधांसाठीचे उठावदार लिपीतील वाङ्मय भूमार्गाने विनामूल्य नेण्याची सवलत हे त्याचे सर्वांत उदार उदाहरण होय. दुसरे उदाहरण कार्डाचे आहे. पन्नास पैशांचे कार्ड सामान्य माणसासाठी होते. परंतु दूरचित्रवाणीवरील स्पर्धांची उत्तरे लाखांनी त्याच कार्डांवर येऊ लागली, तेव्हा खात्याने २००१ मध्ये ‘स्पर्धा कार्ड’ हा निराळा वर्ग केला आणि त्याची किंमत पुढे दहा रुपये झाली. छापील मजकुराच्या कार्डास सहा रुपये पडू लागले. उलट, पत्त्याच्या बाजूस जाहिरात घेणारे ‘मेघदूत’ कार्ड पंचवीस पैशांत मिळे. कालिदासाच्या यक्षाने मेघाकडून काही हशील घेतले नव्हते, हा भाग वेगळा! पण कागदाचा तोच तुकडा आणि तोच पोस्टमन असताना केवळ ग्राहकाच्या हेतूवरून पंचवीस पैसे ते दहा रुपये असे चार दर ठरू शकतात, हे येथे स्पष्ट दिसते.

पिनकोडाची रचना याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृतात विपुल नाट्यलेखन व काव्यलेखन केलेले ग्रंथकार. त्यांनी आखलेली ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. सहा आकड्यांपैकी पहिला विभाग दर्शवितो, दुसरा उपविभाग, तिसरा निवडीचा जिल्हा आणि अखेरचे तीन बटवड्याचे कार्यालय. पहिले आठ विभाग भौगोलिक आहेत. नववा मात्र भूगोलाचा नाही, तो सैन्याच्या टपालाचा आहे. सैनिक आज एका ठिकाणी तर उद्या दुसऱ्या ठिकाणी असतो, म्हणून त्याला स्थळाने नव्हे, तर तो ज्या गटाचा आहे त्या गटाने ओळखावयाचे. स्थळावरून आणि ग्राहकावरून अशी वर्गीकरणाची दोन्ही तत्त्वे एकाच संख्येत नांदताना दिसतात.

भाषा हा गट मात्र या संख्येत नाही, आणि असण्याचे कारणही नाही. मराठी ग्रंथाचा वाचक ४५२ ने सुरू होणाऱ्या इंदुरात आहे, ३९० च्या बडोद्यात आहे, ५९० च्या बेळगावात आहे आणि ज्या तंजावरच्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते आहेत त्या ६१३ मध्येही त्याचे अभ्यासक आहेत. काशीतील बंगाली वाचकाची गोष्ट हीच. उर्दूचा वाचक अनेक राज्यांत विखुरलेला आहे. सिंधीला तर फाळणीनंतर भारतात स्वतःचा प्रांतच उरला नाही. ज्या भाषेचा वाचक विखुरलेला, तिला अंतरनिरपेक्ष हशिलाची गरज सर्वांत अधिक. बुकपोस्टाने हे कोणताही गाजावाजा न करता केले. भाषेचे नाव न घेता त्याने विखुरलेल्या भाषांना एकत्र धरले.

५

या पार्श्वभूमीवर अलीकडील बदलांकडे पाहिले पाहिजे. १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेल्या स्पीड पोस्टाने वेग हे वर्गीकरणाचे मुख्य तत्त्व केले आणि स्थानिक, २०० किलोमीटरपर्यंत, असे करीत २००० किलोमीटरांच्या पुढे, अशा टप्प्यांनी अंतरही पुन्हा हिशेबात आणले. १८९८ चा कायदा रद्द करून टपाल कायदा, २०२३ हा १८ जून २०२४ पासून अमलात आला. त्याच वर्षी १८ डिसेंबरपासून छापील पुस्तकांची नोंदणीकृत बुकपोस्ट सेवा बंद झाली. लहान प्रकाशक, ग्रंथविक्रेते आणि वाचक यांना तिची उणीव तात्काळ जाणवली; कारण स्वस्त ग्रंथाच्या बाबतीत पाठविण्याचा खर्च ग्रंथाच्या किमतीशी स्पर्धा करू लागला. पुढे १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते पाच किलोपर्यंत १०० रुपये, करांखेरीज, असे तिचे दर ठेवण्यात आले. पुडके भूमार्गाने जाते आणि वाटेत त्याचा मागोवा घेता येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात विलीन झाले. केवळ पत्त्यावरील व्यक्तीच्याच हाती देण्याची जुनी हमी आता पाच रुपयांच्या जादा आकाराने मिळते. विद्यार्थ्यांस दहा टक्के आणि घाऊक टपाल देणाऱ्या नव्या ग्राहकास पाच टक्के सूटही त्याच वेळी जाहीर झाली.

या नव्या मांडणीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. जुन्या साध्या बुकपोस्टात पुडके हरवले तर त्याचा पत्ता लागत नसे, आता लागतो. ज्ञान पोस्टाने अंतरनिरपेक्ष दराचे तत्त्व ग्रंथांपुरते पुन्हा मान्य केले, ही समाधानाची गोष्ट आहे. विद्यार्थी हा गट म्हणून प्रथमच दरपत्रकात आला, हेही स्वागतार्ह आहे.

तथापि कसोटीत झालेला एक बदल वाङ्मयाच्या अभ्यासकांनी नीट पाहिला पाहिजे. ज्ञान पोस्ट हे शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक व वाङ्मयीन ग्रंथांसाठी आहे. व्यापारी हेतूने काढलेली प्रकाशने आणि जाहिरातींचा मजकूर त्यात बसत नाही. जुना नियम मजकूर छापील आहे का, एवढेच विचारीत असे. नवा नियम तो कशासाठी छापला, हे विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी देता येते, दुसऱ्याचे देता येत नाही. किंमत छापलेली आणि विक्रीसाठी काढलेली कादंबरी वाङ्मयीन की व्यापारी? हा निर्णय गावोगावच्या खिडक्यांवर निरनिराळा होण्याचा संभव आहे. ज्या प्रश्नावर समीक्षकांचे एकमत होत नाही, तो कारकुनावर सोपविणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. सवलत द्यावयाची असेल तर ती ओळखता येईल अशा खुणेवर द्यावी. छापील पान, बांधणी, प्रकाशकाचे वा मुद्रकाचे नाव, वजन या खुणा पुरेशा आहेत.

६

या विवेचनातून वर्गीकरणाच्या तीन कसोट्या निघतात. पहिली, वर्ग ग्राहकाच्या गरजेवरून पडावेत. वेग न मागणाऱ्या ग्रंथास वेगाच्या वर्गात ढकलू नये. दुसरी, वर्गाची सीमा खिडकीवर ओळखता यावी. तिसरी, जो कोणत्याच वर्गात बसत नाही त्याचे काय होते, हे वर्ग आखणाऱ्याने आधी पाहावे; कारण नव्या वाङ्मयाचा जन्म बहुधा तेथेच होतो.

भारतीय वाङ्मयांच्या परस्परसंबंधाविषयी आपण अनुवाद, प्रभाव, परंपरा या संकल्पनांच्या आधारे बोलतो. त्या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट असते: एका प्रांतात छापलेला ग्रंथ दुसऱ्या प्रांतातील कोणाच्या तरी हाती पडलेला असतो. तो तेथवर गेला तेव्हा त्याच्या वेष्टनावर कोणत्या वर्गाचे तिकीट होते, हे जुन्या संग्रहांतील वेष्टने, वर्गणीदारांच्या याद्या आणि प्रकाशकांच्या जमाखर्चाच्या वह्या अजूनही सांगू शकतील. त्या रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथसूचींइतक्याच काळजीने पाहिल्या गेल्या पाहिजेत.